पलीकडून उत्तर नाही

१

"आलं का?" बाबांनी खालून ओरडून विचारलं.

नेदा चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या संगणकासमोर बसली होती. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच शब्द उमटला होता : चाचणी. ती उठून गॅलरीत गेली आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, "आलं."

"नीट आलं? अक्षरं गाळली नाहीत ना?"

"नाही बाबा. सगळी आली."

दोन मजले खाली, आत्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्या बाबांनी मान वर केली होती. चांगली बातमी ऐकून एखाद्याचा चेहरा असा उतरतो, हे नेदाला या दिवसांतच कळायला लागलं होतं.

त्या दोघांच्या मध्ये, तिसऱ्या मजल्यावर, गिनाकाकू ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिच्या गॅलरीसमोरूनच ती केबल जात होती. बोटाएवढी जाड, राखाडी, वरच्या खिडकीतून निघून खालच्या खिडकीत शिरणारी.

"तुमचं आटपलं असेल तर मी माझे उशांचे अभ्रे वाळत घालू का?" गिनाकाकू म्हणाली. "की तेही आधी संगणकाला विचारायचं?"

"गिना, केबलला हात लावू नकोस."

"मी कशाला लावू हात? तुझी वायर म्हणजे घरातली नवरी झालीय. रविवार आला की हिची दृष्ट काढा!" एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि अभ्रे घेऊन आत निघून गेली. आत्या जाऊन अजून चाळीस दिवस झाले नव्हते. इमारतीच्या दारावर आत्याच्या फोटोचा काळ्या चौकटीतला कागद अजून चिकटवलेला होता.

बाबांनी प्रत्येक रविवारी केबल तपासली होती. खालचा प्लग बदलला, वरचा बदलला. आतल्या तारा एकेक करून मोजल्या. एका यंत्राचं तोंड दुसऱ्याच्या कानाला आणि दुसऱ्याचं तोंड पहिल्याच्या कानाला जोडायचं असतं, हे ते नेदाला ती लहान असल्यापासून सांगत आले होते. इथं तोंडं आणि कान सगळे जागच्या जागी होते.

"कायमची बिघडलेली केबल बरी," वर आल्यावर ते हात धूत म्हणाले. "सापडते तरी. ही अशी, बघायला गेलं की चांगली आणि पाठ वळली की..."

"ल्यूबेन," आई हळूच म्हणाली, "दोन घास खाऊन घे."

"भूक नाही."

नेदानं ताटाकडे बघितलं. केबल चांगलीच होती. आधीही चांगलीच होती. हे घरात फक्त तिला ठाऊक होतं.

२

स्तोयनाआत्या बाबांची मोठी बहीण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे बाबांना तिनंच वाढवलं होतं. गावातल्या संगणकांच्या कारखान्यात दोघंही कामाला होती. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाबांनी भंगारातून दोन जुनी यंत्रं घरी आणली. का आणली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, तिचा आवाज गेला आणि त्या यंत्रांना काम मिळालं.

त्याआधी आत्याला काही हवं असलं की ती चमच्यानं हीटरच्या पाइपवर ठोकायची. पाइप सगळ्या घरांतून गेलेला. आत्यानं साखर मागितली की पहिल्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे "काय झालं?" म्हणून उलट ठोकायचे. शेवटी बाबांनी केबल बनवली. आत्या खाली टाइप करायची आणि वर टिंग वाजायचं.

ती एकाच बोटानं टाइप करायची. प्रत्येक निरोपाच्या आधी एक रिकामी ओळ पाठवायची. "घसा खाकरते बघ ती," बाबा हसून म्हणायचे.

सकाळची शाळा असल्यामुळे दुपारी संगणकाजवळ बसणं नेदाकडे आलं. काम एवढंच, की टिंग वाजलं की बघायचं. आणि ते सतत वाजायचं. पाऊस येतोय, कपडे काढ. जिन्यातून आत्ता कोण गेलं? गिनानं नवा कोट घेतलाय, आईला सांग, पण मी सांगितलं म्हणू नकोस. जेवलीस का?

त्या दुपारी नेदानं "हो" असं उत्तर दिलं. लगेच रिकामी ओळ आली आणि मग अक्षरं : काय जेवलीस?

खरं तर एवढंच झालं होतं. नेदाला राग आला असंही म्हणता येत नाही. तिला फक्त थोडा वेळ कुणी काही विचारायला नको होतं. तिनं प्लगचे दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी सोडवले आणि प्लग ओढून काढला. घरात शांतता पसरली. ती शांतता तिला इतकी आवडली, की ते आता आठवायलाही नको वाटतं. गोधडी अंगावर ओढून ती पुस्तक वाचत पडली आणि वाचता वाचता झोपली.

अंधारून आल्यावर लिफ्टचा आवाज ऐकून ती दचकून उठली. आई आली होती. नेदानं प्लग परत आत दाबला. स्क्रू फिरवायला वेळ नव्हता. टिंग वाजलं नाही. आत्या रुसली असेल, असं तिला वाटलं. उद्या जाऊन तिच्या गळ्यात पडावं, असंही वाटलं.

रात्री बाबा सूप घेऊन खाली गेले. आत्या खुर्चीतच होती, डोकं कीबोर्डवर टेकलेलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटलेली होती : पलीकडून उत्तर नाही. तिनं काय लिहिलं होतं, ते केव्हाच वर सरकून गेलं होतं. बाबांनी यंत्र बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मग हातमोजे काढता काढता म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर..." आणि खांदे उडवले.

"माझी केबल," बाबा म्हणाले.

नेदानं तेव्हाच तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात शेजारचे आले. मग मेणबत्त्या लागल्या, मग पाद्री आले, मग ब्रेड कोण आणणार यावर बोलणं झालं. दर वेळी दारात कुणी ना कुणी उभं होतं. त्यानंतर तो उशीर आपोआप वाढत गेला, आणि एवढे दिवस गप्प का राहिलीस, हा प्रश्नही आता त्यात येऊन बसला.

३

पुढच्या रविवारी बाबांनी खालच्या यंत्राला विश्रांती दिली. "आज फक्त केबल," ते म्हणाले. खालचं टोक यंत्रातून काढून त्याच्या प्लगमधल्या दोन पिना ते कागदाच्या क्लिपनं जोडणार होते. मग नेदा जे टाइप करील ते खाली जाऊन क्लिपवरून वळून तिच्याकडेच परत येणार. "भिंतीवर चेंडू मारल्यासारखं. क्लिप आहे तर चेंडू परत येईल. क्लिप काढली की भिंत गेली. चेंडू येता कामा नये."

"लावली!" खालून हाक आली.

नेदानं टाइप केलं : एक दोन तीन. त्याच क्षणी त्या ओळीखाली परत उमटलं : एक दोन तीन.

"आलं, बाबा!"

"आता काढतो. थांब... काढली! मार!"

नेदानं पुन्हा टाइप केलं : एक दोन तीन.

काही आलं नाही. ती उठून गॅलरीकडे निघाली होती. मागं पडद्यावर काहीतरी हललंसं वाटलं म्हणून ती वळली. तिच्या ओळीखाली एक रिकामी ओळ सरकली. मग एक अक्षर आलं. थोडं थांबून दुसरं. तिसऱ्याच्या आधी बराच वेळ गेला. चष्मा वर करून नेमकी कळ शोधायला जेवढा लागतो, तेवढा.

एक. दोन. तीन.

टिंग.

"नेदा! काही आलं का?"

ती कठड्याशी गेली. बाबांनी वर बघत दोन बोटांत धरलेली क्लिप दाखवली. उन्हात ती चमकली.

"नाही," नेदा म्हणाली. "काही आलं नाही."

हे दुसरं खोटं. पहिलं गप्प राहण्याचं होतं. हे तर पहिल्यापेक्षाही सहज तोंडून निघून गेलं.

४

ती विचार करणारी मुलगी होती. शाळेत विज्ञानात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लांब तारा शेजारी शेजारी असल्या की एकीतलं थोडं दुसरीत झिरपतं, हे बाबांनीच तिला सांगितलं होतं. तसं झालं असेल. उशीर का झाला, रिकामी ओळ कुठून आली, ते झिरपण्यानं कळत नव्हतं. पण सगळंच कळायला पाहिजे असं कुठं आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

त्या आठवड्यात बाबांना नवीन संशय आला. जिन्यात गिनाकाकूला गाठून त्यांनी विचारलं, "खरं सांग. त्या दिवशी तू केबलवर काही वाळत घातलं होतंस?"

"मी?"

"ओली चादर घातली की केबल ताणली जाते. आत एखादी तार निसटते. कपडे काढले की परत टेकते."

गिनाकाकूचा चेहरा पांढराफटक पडला. "ल्यूबेन, कधीतरी दोन अभ्रे टाकले असतील. त्या दिवशी... मला आठवत नाही रे. आठवतच नाही." आणि ती भर जिन्यात रडायला लागली. "म्हणजे माझ्या अभ्र्यांनी? स्तोयनाला? अरे, चाळीस वर्षं तिच्याबरोबर कॉफी प्यायले मी!"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस?"

नेदा शाळेचं दप्तर घेऊन चार पायऱ्या खाली उभी होती. हात लावलेला जिन्याचा कठडा थंडगार होता. आता बोल, ती स्वतःला म्हणाली. आता. गिनाकाकूनं तिच्याकडे बघितलं आणि डोळे पुसत म्हणाली, "जा गं बाळा, तू वर जा. तू हे ऐकू नकोस." नेदा वर गेली.

घरात कुणी नव्हतं. बाबांनी सकाळी केबलचं खालचं टोक कापून प्लग खिशात घालून नेला होता. नवीन प्लग जोडायचा होता. म्हणजे दोन मजले खाली आत्याच्या टेबलावर आता नुसत्या उघड्या तारा पडल्या होत्या. वरचा संगणक मात्र चालूच होता. हल्ली तो कुणी बंद करायचं नाही.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन असतो. पलीकडचं यंत्र जोडलेलं, चालू आणि ऐकायला तयार असलं की तो भरून उजळतो. एरवी रिकामा असतो.

चौकोन उजळलेला होता.

नेदानं दप्तर खाली ठेवलं नाही. तशीच खिळ्यावरची किल्ली घेऊन ती खाली गेली. आत्याच्या घराचं दार उघडताना, आत काही नाही हे बघून लगेच परत यायचं, असं तिनं ठरवलं होतं. आणि आत खरंच काही नव्हतं. कुणी गेलं की घालतात तशी आरशावर चादर होती. टेबलावर रिवाजाप्रमाणे पाण्याचा पेला आणि ब्रेडचा तुकडा ठेवलेला होता. संगणक बंद होता, त्याचा पडदा गार. आणि त्याच्यापुढं केबलचं टोक, लाल-पिवळ्या-निळ्या तारा बोटांसारख्या फाकलेल्या. कशालाही न जोडलेल्या.

खुर्ची तेवढी टेबलापासून मागं ओढलेली होती. जराशी तिरपी. जिन्याकडेही लक्ष राहावं म्हणून आत्या तशीच बसायची. बाबा उठताना राहिली असेल, नेदानं मनाशी म्हटलं. बाबाच राहू देतात. पण बाबा खुर्ची नेहमी आत सरकवतात, हेही तिला माहीत होतं.

ती खुर्चीकडे न बघता उभी राहिली. आणि ती तशी उभी असतानाच, बंद खिडकीतून, दोन मजले वरून, अगदी बारीक पण स्पष्ट ऐकू आलं :

टिंग.

ती जिना चढून वर आली तेव्हा रिकामी ओळ येऊन गेलेली होती. तिच्याखाली अक्षरं एकेक करून उमटत होती. आत्या कधी शब्दाच्या मध्येच थांबायची, तशी.

जेवलीस का?

५

आत्याला जाऊन चाळीस दिवस झाले त्या दिवशी, तिच्या विधीसाठी घर भरलं. गावाहून बाबांचे चुलतभाऊ आले, कारखान्यातल्या दोन बायका आल्या, गिनाकाकू आली. तिनं बाबांशी नजर मिळवली नाही, पण बाह्या वर सारून आईच्या शेजारी ओट्याशी उभी राहिली. थडग्यावर वाइन ओतून सगळे परत आले होते.

उकडलेले गहू वाटायचं काम नेदाकडे होतं. साखर आणि कुटलेले अक्रोड घातलेले. एकेकाच्या हातावर एकेक चमचा ठेवायचा. घेणारा म्हणतो, "देव क्षमा करो." हे म्हणायचं असतं गेलेल्या माणसासाठी. पण म्हणताना माणूस समोरच्याकडेच बघतो.

"देव क्षमा करो," चुलतकाका तिच्याकडे बघून म्हणाले.

"देव क्षमा करो, बाळा."

"देव क्षमा करो. केवढी मोठी झालीस गं!"

गिनाकाकूनं गहू घेतले. "देव क्षमा करो," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, "मलाही." नेदाच्या हातातला चमचा ताटलीवर आपटला.

जेवताना बाबा उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, बहिणीबद्दल दोन चांगले शब्द बोलतील. ते म्हणाले, "हे सगळ्यांसमोर सांगायचंय. ती मला बोलावत होती. माझ्या हातच्या केबलनं तिचा निरोप पोचवला नाही. गिनाचा काही दोष नाही. मी तिला उगाच बोललो. दोष माझ्या हातांचा आहे. मी आता कधी कुणाचं काही दुरुस्त करणार नाही." मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढं करून दाखवले. ते कुठं ठेवावेत, हे कळेनासं झाल्यासारखे.

एक म्हातारी रडायला लागली. आईनं बाबांचा कोट ओढला. "बस रे, बस."

"एकदा शेवटचं बघतो," बाबा म्हणाले. "प्लग नवीन घातलाय. मग काढून फेकून देतो. नेदा, तू वर बस."

आणि किल्ली घेऊन ते गेले.

६

पाहुणे पुढच्या खोलीत होते. स्वयंपाकघराचं दार आईनं ओढून घेतलं. संगणकासमोर बसल्यावर नेदाला एकदम सोपं वाटलं. समोरासमोर तिला कधीच नीट बोलता आलं नव्हतं. शाळेत वर्गापुढं उभं केलं की तिचे शब्द जिरून जायचे. पण बाबा आता खाली पडद्यासमोर बसले असतील. त्यांचा चेहरा दिसणार नाही. आणि केबल चांगली आहे, हे तर तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं.

चौकोन उजळला. बाबांनी खालचं यंत्र लावलं असणार.

तिनं लिहिलं :

केबल चांगली होती. त्या दुपारी मी प्लग काढला होता. मला कंटाळा आला होता. मी झोपले. तुम्ही यायच्या आधी परत लावला. तुमचा दोष नाही आणि गिनाकाकूचाही नाही. माझा आहे.

पाठवायची कळ तिनं डोळे मिटून दाबली. छातीतलं काहीतरी मोठं, जुनं, सैल झालं. तिला रडू आलं, पण ते हलकं होतं. खाली बाबा वाचत असतील. आता उठतील, जिना चढतील. मारतील. मारू देत.

पडद्यावर रिकामी ओळ सरकली.

मग एक अक्षर. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही. नेदाच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच थांबलं. बाबा दोन्ही हातांनी टाइप करतात. भराभर.

माहीत आहे.

मागं दार करकरलं. ती वळली. बाबा उभे होते. कोट अंगावरच, किल्ली मुठीत.

"नाही जमलं मला," ते म्हणाले. "तिच्या दारापर्यंत गेलो. कुलूपही उघडलं नाही. जिन्यातच बसून राहिलो एवढा वेळ." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "का गं? अशी काय बघतेस?"

नेदानं हात मागं नेऊन पडदा बंद केला.

७

मग तिनं सांगितलं. तोंडानं. सगळं, जसं घडलं तसं, अडखळत. राग नव्हता, नुसता कंटाळा होता, हेसुद्धा. फक्त पडद्यावरचं सांगितलं नाही.

बाबा स्टुलावर बसले. मग नेदाला वाटलं होतं त्यातलं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर आलं नाही. ते हसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते.

"वेडी गं माझी," ते म्हणाले. "मी तिथं सगळ्यांसमोर हात दाखवत बसलो आणि तू म्हटलंस, बापाचं ओझं आपण घ्यावं."

"नाही बाबा! खरंच मी..."

"ऐक. त्या रात्री मी सगळ्यात आधी हाच प्लग बघितला. हाच, वरचा. वाटलं होतं निघाला असेल. पण दोन्ही स्क्रू घट्ट होते. इतके घट्ट, की पक्कड घ्यावी लागली. तुझ्या बोटांनी होणारं काम नव्हतं ते."

"मी स्क्रू लावलेच नव्हते."

"तेच तर म्हणतोय मी," बाबा समजुतीनं म्हणाले. "लावले होते कुणीतरी. म्हणजे मीच, आधी कधीतरी. म्हणजे प्लग निघालेला नव्हता. तू काही केलेलं नाहीस." त्यांनी तिचं डोकं आपल्या कोटावर दाबून धरलं. कोटाला जिन्याचा आणि मेणबत्त्यांचा वास येत होता. "स्तोयना असती तर म्हणाली असती, अगदी आपल्यावर गेलीय पोर. तिनंही लहानपणी माझ्यासाठी असाच मार खाल्ला होता. मी फोडलेल्या काचेसाठी."

नेदा पुन्हा बोलली, पुन्हा सांगितलं. जितकं सांगत गेली तितके ते शांत होत गेले. शेवटी त्यांनी पुढच्या खोलीत जाऊन गिनाकाकूचा हात हातात घेतला, माफी मागितली आणि ताटभर जेवले. कित्येक दिवसांनी. आई दारात उभी राहून बघत होती. तिनं नेदाकडे अशा कौतुकानं पाहिलं, की नेदाला तिथून पळून जावंसं वाटलं.

जेवून बाबा सोफ्यावर आडवे झाले. पाहुणे निघाले तरी त्यांना जाग आली नाही. झोपेत त्यांचे हात पोटावर होते, सैल, साध्या माणसाचे.

८

"ती केबल गुंडाळून ठेव गं," आई ओट्यावरून म्हणाली. "उठल्यावर परत त्यांच्या डोळ्यांसमोर नको." गिनाकाकू तिच्या शेजारी ताटल्या पुसत होती.

नेदानं वरचा प्लग काढला. गॅलरीत आली. बाहेर संध्याकाळ होत होती आणि समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. खालचं टोक आत्याच्या घरात, बंद खिडकीच्या फटीतून आत गेलेलं. दाराला कुलूप, किल्ली बाबांच्या खिशात. केबल ओढली तर फटीत अडकणार. जेवढी येईल तेवढी ओढावी आणि मग कापून टाकावी, असं तिला वाटलं.

तिनं हलकेच ओढली.

केबल आली.

दोन हात, तीन हात. कुठंही घासली नाही, गिनाकाकूच्या कठड्याला लागली नाही. ओझं असं नव्हतंच. विहिरीतून दोर ओढताना लागतं ते नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी उभं राहून, ती अडकू नये म्हणून, हातातून हळूहळू सोडत होतं. आपण लोकरीची लडी धरून दुसऱ्याला गुंडाळू देतो, तशी. नेदा थांबली की केबल थांबत होती. तिनं ओढली की पुन्हा मिळत होती. घाई नव्हती. खाली वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. तिनं समोरच्या दिव्यांकडे बघत ठेवलं.

पायाशी वेटोळ्यांचा ढीग झाला. आता थोडीच उरली असणार. टोक येईल. टोकापर्यंत धरून कुणी आलं असेल, तर तेही.

तिनं हात थांबवले. केबलही थांबली. पलीकडे जरासा ताण होता, अगदी जरासा. बोटं धरल्यावर लागतो तेवढा.

"नेदा, थंडी आहे, आत ये," आई म्हणाली. मग ताटलीवर ताटली ठेवल्याचा आवाज आला. "ऐकलंस का? सोड ते, सकाळी बघू."

नेदानं मुठी सैल करून पाहिल्या. पलीकडचा ताण तेवढ्यानं लगेच वाढला. पटकन, घाबरल्यासारखा.

एकदा सोडली होती तिनं. ती तशीच उभी राहिली, दोन्ही हातांत केबल धरून, आणि आतून तिसऱ्यांदा हाक आली तरी तिला हलता आलं नाही.